कँटीनमधली ओळखपरेड

११ जून
बंकहाऊस नंबर तीन, अलास्का

डेलिया,

तुझ्या कंपनीचं पाकीट काल मिळालं. एक कोपरा उघडा होता. इथे टपाल आठवड्यातून दोनदा छोट्या विमानाने येतं, रिकाम्या खोक्यांच्या गठ्ठ्यात दाबून, तेव्हा कोपरा आपोआप फाटला असेल. किंवा कुणीतरी वाचलं असेल. लोरीन म्हणजे इथल्या मासळीच्या कारखान्यातली आमची सुपरवायझर. पाकीट हातात देताना सगळ्या लाइनीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "स्ट्रॉब, वकिलाचं पत्र आलंय तुला. कुणाला पोटुशी ठेवून आलास काय ओहायोत?" तेव्हापासून मी जातो तिथे लोक बाळाचं बारसं कधी ते विचारतात.

आठ वर्षांत तुझी एक ओळ नाही. पहिली ओळ येते तीही वकिलाच्या हातची. त्यावर तुझी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली: "गॅरेट, आपल्या शाळेवर सिनेमा करतेय. माझा पहिला. हा कागद म्हणजे नुसता नियमाचा भाग आहे, सही करून पाठव ना. डी."

मी अकरावीत शाळा सोडलेला माणूस आहे, पण कागद तीनदा वाचला. "सदर चित्रपटातील कोणत्याही पात्राचे दिसणे, वागणे, बोलणे अथवा कृती माझ्याशी मिळतीजुळती आढळल्यास माझी हरकत असणार नाही." आता तूच सांग. नुसता नियमाचा भाग असेल तर हरकतीची गोष्ट कशाला काढली? माणूस हरकत कधी घेतो? त्याला वाईट दाखवलं तर. चांगलं दाखवलेल्याने कधी हरकत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

वर आई फोनवर सांगते की दोघं जण घरी आले होते, शाळेचं फोटोंचं जुनं पुस्तक मागायला. त्यातलं माझं पान त्यांनी मोबाइलमध्ये काढून नेलं. "फार गोड बोलत होती गं बाई पोरं," ती म्हणाली. ती अशी बोलायला लागली की समजायचं, तिने त्यांना ॲपल पाय खाऊ घातला आणि सगळं सांगून टाकलं. काय सांगितलं, ते तिला आठवत नाही.

तुझा सिनेमा मला बघायचा नाही. मला एकच पान पाठव, ज्यात मी पहिल्यांदा दिसतो ते. पुढचं नको. इथे रविवारी जेवणघरात सिनेमे लावतात आणि निम्मे तुझ्या जातीचे असतात: हायस्कूल, लॉकर, नवी मुलगी. आम्ही खेळ करतो. पात्र पडद्यावर आलं की ते पुढे काय करणार ते तिथल्या तिथे ओरडून सांगायचं. चष्मेवाली जिन्यात पुस्तकं पाडते, म्हणजे शेवटी चष्मा काढणार. एखादीचे आधी बूट दिसतात, मग पाय, मग केस हळूहळू उडतात, म्हणजे ती छळणार. जाड्या पोराच्या हातात पहिल्याच वेळी सँडविच असतं, त्याच्या वाट्याला पुढेही सँडविचच येतं. मनोंग इस्को माझ्याशेजारी बसतो. साठीचा आहे, फिलिपिनो, तीस हंगाम मासे कापतोय. मनोंग म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ, सगळे त्याला तसंच म्हणतात. तो म्हणतो, "हे बरं आहे. आमच्याकडे माणूस कळायला लग्न करावं लागतं."

त्या खेळात मी कधी हरत नाही. म्हणून पहिलं पान मागतोय.

गॅरेट

२३ जून

डेलिया,

पान मिळालं. आता कळलं कागद कशाला हवा होता.

तुमच्यात लिहायची पद्धत काय आहे तेही कळलं. माणूस पहिल्यांदा आला की त्याचं नाव मोठ्या अक्षरांत, कंसात वय, पुढे एक ओळ. एका ओळीत माणूस संपवायचा. आम्ही इथे माशाला चार काप देतो.

किम्बर, सतरा, "ती चालते आणि कॉरिडॉर बाजूला होतो." ही कोण ते मला माहीत आहे, आणि तिने सही केली असेल तर आनंदाने केली असेल. ब्रॉक, अठरा, "फुटबॉलचं जॅकेट, डोक्यातही हवाच." बरं. मग हा: टक, सतरा. "दोन मापं मोठं जॅकेट. नजर दुसऱ्याच्या बॅगेवर. तो येतो तसे लोक आपापल्या वस्तू जवळ ओढतात."

तुला कुणी सांगितलं?

म्हणजे असलं खोटं तुला कुणी सांगितलं, असं विचारतोय. पेनने लिहितोय, खोडता येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा नीट लिहिलं. मी कुणाच्या बॅगेला हात लावलेला नाही. जॅकेटचं म्हणशील तर गावात निम्मी पोरं थोरल्या भावाची जॅकेटं घालायची, तुला बाहेरून आलेलीला ते गमतीचं वाटलं असेल. तू दहावीत आलीस, दोन वर्षं राहिलीस, गेलीस. दोन वर्षांत तुला आमच्या गावाचा सिनेमा काढण्याइतकं कळलं?

मला खरं सांग, आईने काही सांगितलं का? ट्रकविषयी? आमच्या जुन्या ट्रकविषयी ती काहीबाही बरळते. बाबा गेल्यापासून तिला नीट आठवत नाही.

पानाचा दुसरा भाग तू पाठवलेला नाहीस. खाली 'पुढे चालू' छापलंय. त्या पुढच्या पानावर काय आहे ते दाखवत नाहीस, त्याअर्थी दाखवण्यासारखं नाही. सही करणार नाही. तुझ्या वकिलाला सांग, हा मनुष्य जिवंत आहे आणि त्याची हरकत आहे.

लोरीन आत्ता डोकावून गेली. "बाळाला पत्र लिहितोस का?" म्हणाली.

गॅरेट

४ जुलै

डेलिया,

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की मनोंग इस्कोने सुरी खाली ठेवली.

म्हणजे टक हा ओरिन पील. हे आधीच का नाही सांगितलंस? मी दहा दिवस तुला शिव्या घालतोय, त्या सगळ्या परत घेतो. ओरिनच असणार, वाचतानाच कळायला हवं होतं. ते जॅकेट त्याच्या सैन्यातल्या भावाचं होतं, बाह्या बोटांच्या खाली यायच्या, आणि सूप पिताना तो त्या दातांनी वर ओढायचा.

आणि मी डेक्स. नव्या मुलीला पहिल्या दिवशी कँटीन दाखवतो तो. प्रत्येक सिनेमात असतो तो, सगळ्यात मजेदार पोरगा. तुझ्या पात्राचं नाव तू जून ठेवलंस तेही छान आहे. पूर्ण प्रसंग पाठवलास त्याबद्दल आभार. मी आमच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवला, सगळ्यांचे आवाज काढून.

डेक्स: "बघ जून, नकाशा लक्षात ठेव. खिडकीपाशी बसतात त्यांच्या घरी तलाव आहे. मधल्या टेबलावर मार खातात आणि मारतात, खेळ म्हणून. ते चार जण बँडवाले, त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. येशूवाल्यांकडे बसलीस तर डोनट मिळेल, पण उठता येणार नाही."

एकेक शब्द माझा आहे. इतकं कसं लक्षात राहिलं तुला? म्हणूनच कागदात 'बोलणे' असा शब्द होता, आणि मी मूर्ख 'कृती'वरच अडकून बसलो. आमचे इथले म्हणाले की डोनटची ओळ सगळ्यात भारी आहे. तुझ्या सिनेमात माझी ओळ सगळ्यात भारी निघाली याचा तुला राग येऊ नये.

मग पुढे: "आणि तिकडे, सोड्याच्या मशीनपाशी. टक. त्याच्याकडे बघत राहा आणि बॅग मांडीवर ठेव. हात चलाख आहेत त्याचे." डेक्स बोट दाखवतो, कॅमेरा बोटाच्या मागे टकवर जातो. मग दुपारी जूनचा व्हिडिओ कॅमेरा गायब होतो. आणि शेवटी, नाचाच्या रात्री, टक तोच कॅमेरा फडक्यात गुंडाळून परत आणून देतो, ती त्याला मिठी मारते आणि सगळी शाळा त्याला माफ करते.

बरं आहे. लोक रडतील.

ओरिनने सही केली का? सहज विचारतोय. तो हल्ली कुठे असतो तेही माहीत नाही मला. त्याची सही झाली असेल तर माझी काय अडचण. कागद पुढच्या विमानाने पाठवतो. आज सुट्टीचा अर्धा दिवस आहे, फटाके उडवले, पण इथे आत्ता अंधारच होत नाही, नुसते आवाज ऐकले.

गॅरेट

१५ जुलै

डेलिया,

तुला वाटत असेल मला काही समजत नाही.

ओरिन शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात काम करतो, तू स्वतः जाऊन भेटलीस, आणि तो गाडीखालून बाहेरसुद्धा न येता म्हणाला: "गॅरेट स्ट्रॉबला विचार. पहिल्यांदा तोच बोलला होता. ते खरं होतं असं तो आज लिहून देत असेल तर मी सही करतो. नसेल तर माझा माणूस तुझ्या सिनेमात नको." हे तू मला असं लिहितेस जणू हवामान कळवतेस. आणि खाली: "तर मग प्लीज दोन ओळी लिहून पाठव, शूटिंग पंचवीस ऑगस्टला आहे, टक नसेल तर माझ्याकडे सिनेमाच नाही."

मी तुझं पत्र उजेडासमोर धरून पाहिलं. कशासाठी, ते मलाच माहीत नाही.

हे आधी कुणी ठरवलं, तू की तो? आठ वर्षांत ज्याने तोंड उघडलं नाही तो आज लेखी मागतो? लेखी माणूस कधी मागतो हे मी लाइनवर शिकलोय. लोरीन लेखी मागते तेव्हा तिला उत्तर आधीच माहीत असतं. तेव्हा मला सरळ सांग. तुम्ही दोघं एकत्र आहात का? हा सिनेमा खरंच आहे का? कंपनीच्या पत्त्यावर नुसता टपालपेटीचा नंबर आहे. पान, वकील, पिवळी चिठ्ठी, हे सगळं माझ्याकडून एक कागद लिहून घ्यायला तर नाही ना?

मी काय म्हटलं होतं तेव्हा? बॅग सांभाळ, म्हटलं होतं. कुणीही नव्या माणसाला सांगतो तसं. पुढे व्हाइस प्रिन्सिपलला जाऊन सांगणारी तू होतीस. "गॅरेटने मला आधीच सावध केलं होतं," हे तुझं वाक्य आहे. मी नुसता त्या खोलीत उभा होतो. तू बोलत होतीस, मी मान हलवली. मान हलवण्याला 'बोलणे' म्हणत नाहीत.

मी तो प्रसंग पुन्हा मनोंग इस्कोला दाखवला, कुणाकडून तरी ऐकायचं होतं की त्यात काही नाही. त्याने चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली, उलटून पालटून पाहिली.

"यातलं एक पान हरवलंय," म्हणाला.

"नाही मनोंग, एवढंच आहे."

"मग हा डेक्स. सगळ्यांचं वय लिहिलंय, कपडे लिहिलेत, कोण कसा ते लिहिलंय. याचं काहीच नाही. सरळ बोलायलाच लागतो."

"तो ओळख करून देणारा आहे. त्याची ओळख लागत नाही."

"का?"

"कारण बघणारे त्याच्या बाजूने बघतात."

"अच्छा," तो म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. "मग खेळात याच्यावर कोण काय ओरडणार? मी तर काहीच ओरडू शकलो नसतो."

मी पानं हिसकावून घेतली. इतक्या चांगल्या माणसाशी मी असं कधी वागलो नव्हतो. संध्याकाळी मी पलंग बदलून दाराजवळच्या खोलीत आलो.

लिहून देणार नाही. ना हो, ना नाही. ओरिनला म्हणावं, स्वतःचं स्वतः ठरव.

१९ जुलै

मागचं पत्र फाडून टाक. तू आणि ओरिन यांच्याबद्दल लिहिलं ते तरी फाड. हे खोक्याच्या लेबलवर लिहितोय, कागद संपलाय आणि विमान उभं आहे. पंचवीस ऑगस्ट म्हणजे नक्की ना?

ग.

२८ जुलै

डेलिया,

तुझं उत्तर आलेलं नाही. बरं झालं. आलं असतं तर मी त्यातला एखादा शब्द धरून भांडलो असतो.

तो मंगळवार होता. चौकोनी पिझ्झा होता. तू माझ्या डाव्या बाजूला बसलीस आणि बॅग आपल्या दोघांच्या मध्ये बाकावर ठेवलीस. चेन अर्धी उघडी होती, कॅमेऱ्याचा पट्टा बाहेर लोंबत होता. सकाळपासून तो तुझ्या हातात होता. तू बस उतरतानाच आमच्या शाळेचं शूटिंग करत आलीस, आणि जो तो त्यात आपण कसे दिसतोय याची काळजी करत होता. मला तो हवासा वाटला. याहून मोठं कारण मी आठ वर्षं शोधतोय, सापडलेलं नाही.

मी तुला टेबलं दाखवायला लागलो ते तू तिकडे बघावंस म्हणून. खिडकी दाखवली, तू खिडकीकडे बघितलंस. बँडवाले दाखवले, तू हसलीस. तू जितकी हसलीस तितकं मला सुचत गेलं. सगळ्यात लांबचं टेबल सोड्याच्या मशीनपाशी होतं, तिकडे बघायला तुला पूर्ण मान वळवावी लागणार होती. तिथे ओरिन बसला होता. दुसरा कुणी बसला असता तर मी दुसऱ्याचं नाव घेतलं असतं. मी उजव्या हाताचं बोट केलं, म्हटलं, हात चलाख आहेत त्याचे. माझा डावा हात तेव्हा तुझ्या बॅगेत होता.

ओरिनने नेमकं त्याच वेळी वर बघितलं. त्याला वाटलं मी नव्या मुलीला त्याची ओळख करून देतोय. त्याने हात वर केला, बाहीसकट.

पुढचं तुला माहीत आहे तेवढं खरं आहे. व्हाइस प्रिन्सिपलने त्याचं लॉकर सगळ्यांसमोर उघडलं. ओला टॉवेल निघाला आणि इंजिन कसं खोलायचं याचं वाचनालयाचं पुस्तक. ते परत करायची तारीख उलटून गेली होती, यावरही पोरं हसली. मीही हसलो. आठवड्यात त्याला काउंटीच्या त्या दुसऱ्या शाळेत पाठवलं, जिथे दारात खिसे उलटे करून दाखवावे लागतात. त्यानंतर मी तुझ्याशी बोलणं तोडलं आणि तू समजलीस की मला तू आवडत नाहीस. पुढच्या वर्षी मी शाळा सोडली ती बाबांच्या आजारपणामुळे, असं तुला वाटतं. बाबा त्या वेळी ठणठणीत होते. आजारी पडले ते नंतर.

कॅमेरा तीन आठवडे आमच्या ट्रकच्या सीटखाली होता. मी त्यातलं सगळं पाहिलं. तुझा कुत्रा, तुझी जुनी गल्ली. आणि एक तुकडा होता, त्यात तू आरशासमोर उभी राहून म्हणतेस, "हाय, मी डेलिया." मग थांबतेस, केस मागे करतेस, पुन्हा म्हणतेस. एकदा हसून, एकदा न हसता, एकदा डोळे बारीक करून, एकदा काही पर्वा नसल्यासारखं. अकरा वेळा. मी मोजल्या. आमच्या शाळेत येण्याच्या आदल्या दिवशीचं होतं ते. आणि शाळेत आल्यावर कुणी तुला विचारलंच नाही, कारण मी तुझ्या शेजारी बसून एकटाच बडबडत होतो.

तो तुकडा पाहिल्यावर कॅमेरा ठेवता येईना. परत द्यावा तर ओरिन गेलेला होता. तेव्हा परत देणं म्हणजे सगळं बोलणं. मी तो दगडखाणीच्या तळ्यात टाकला. आईने ट्रकमध्ये पट्टा पाहिला होता, विचारलं होतं. मी म्हटलं, ओरिनचा आहे.

आता तुझ्या कामाचं. तुझा सिनेमा पंचवीसला सुरू होणार की नाही ते माझ्या हातात आहे असं तू लिहिलं होतंस. तुझ्या सिनेमात टक कॅमेरा परत आणतो. कुठून आणणार? तुला वाटतं तू त्याच्यावर उपकार करतेयस, शेवटी त्याला चांगला ठरवतेयस. जे त्याने केलं नाही त्याची तू त्याला माफी देतेयस, डेलिया, आणि सगळ्या देशाला तिकिटं विकतेयस. ओरिनने हे ओळखलं. तुला आणि मला ओळखता आलं नाही. मला आलं होतं.

तेव्हा त्याच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ते खरं नव्हतं. एकही शब्द खरा नव्हता. बँडवाल्यांना ऐकू येत होतं. खिडकीपाशी बसायचा त्या नोलनच्या घरी तलाव नव्हता, त्यांचं घर बँकेने घेतलं होतं आणि ते चौघं त्याच्या आजीच्या तळघरात राहत होते. मला ते माहीत होतं. मी तुला जे ऐकायला सोपं जाईल ते सांगितलं. तेच तू आता लोकांना सांगणार आहेस.

सिनेमा करायचा तर हे घेऊन कर. सोबतच्या कागदावर मी सही केली आहे. चारही शब्दांवर: दिसणे, वागणे, बोलणे, कृती. डेक्स हे नाव खोडून माझं घाल, वकिलाची हरकत नसेल तर. तू हे करशील की नाही याबद्दल मला शंका आहे. तुझा पहिला सिनेमा आहे, आणि डोनटच्या ओळीवर लोक नक्की हसणार. एवढं सगळं वाचूनही तू टकला तसाच ठेवशील आणि ओरिनऐवजी दुसरा कुणी शोधशील, असंही मनात येतं. तसं केलंस तर मला तुला दोष देता येणार नाही, पण मी गावात येऊन उभा राहीन. हंगाम चौदा ऑगस्टला संपतोय, तिकीट काढलंय. पलंगही परत मनोंगच्या खोलीत नेलाय. त्याने जागा करून दिली.

ओरिनला हे पत्र वाचून दाखवू नकोस. त्याचं त्याला वेगळं टाकलंय, गॅरेजच्या पत्त्यावर, याच विमानाने. पाच ओळींचं आहे. तिसऱ्यांदा लिहिलं. आधीच्या दोन्हींत कारणं होती.

गॅरेट स्ट्रॉब